काचेतलं पाणी आणि खाचरातलं पाणी : टाकीत झाडं लावण्याचा इतिहास



आजचा विषय आहे घरातल्या माशांच्या टाकीत जिवंत झाडं लावण्याचा इतिहास. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं यावर काय बोलायचं, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते रास्त आहे. पण मला वाटतं, एका कल्पनेचा इतिहास जर एखाद्या वस्तूत बंद करून ठेवलेला पाहायचा असेल, तर या काचेच्या पेटीसारखी दुसरी वस्तू नाही. ती कल्पना म्हणजे ‘स्वयंपूर्ण जग’. आणि ती कल्पना तपासून पाहायला कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके फार सोयीचे आहेत. का, ते पुढे सांगतो.

सुरुवात शब्दापासून करू. आपण मराठीत ‘मत्स्यालय’ म्हणतो, किंवा सरळ ‘फिश टँक’. दोन्हीत मासा आहे, झाड नाही. मूळ शब्द ‘अ‍ॅक्वेरियम’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गुरांचा पाणवठा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधले बागवान हा शब्द वापरत तो पाणवनस्पती लावण्याच्या हौदासाठी. मासे त्यात नंतर आले. फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकामुळे माशांच्या काचपेटीला हे नाव कायमचं चिकटलं. म्हणजे इतिहास बघितला तर झाडं ही टाकीतली सजावट नव्हेत, टाकी हीच मुळात झाडांची. आपल्या भाषांतरात नेमकं घरमालकाचं नाव गळलं आणि भाडेकरूचं राहिलं!

आता ही कल्पना कुठून आली? १७७१ साली जोसेफ प्रीस्टली यांनी एक प्रयोग केला. बंद भांड्यात मेणबत्ती जाळून ‘खराब’ झालेली हवा पुदिन्याच्या फांदीनं पुन्हा सुधारते, असं त्यांना दिसलं. ते नेमकं कशामुळे होतं, हे १७७९ मध्ये यान इंगेनहाउझ यांनी दाखवलं. त्यांनी पानं पाण्यात बुडवली आणि उन्हात ठेवली. पानांवर बुडबुडे आले. सावलीत आले नाहीत. सूर्यप्रकाशाशिवाय झाड हवा सुधारत नाही, हे मानवाला कळलं ते पाण्यात बुडवलेल्या पानामुळे. टाकीत झाड लावलेल्या कुणालाही हे बुडबुडे परिचयाचे असतात.

पुढचं पाऊल रॉबर्ट वॉरिंग्टन यांचं. हे लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ. १८४९ मध्ये त्यांनी बारा गॅलनच्या, म्हणजे साधारण पंचावन्न लिटरच्या भांड्यात दोन गोल्डफिश सोडले आणि तळाच्या वाळू-मातीत व्हॅलिस्नेरिया लावलं. पट्टीसारखी लांब पानं असलेली ही वनस्पती; हिची भावंडं आपल्याकडच्या तळ्यांतही आहेत. काही दिवस बरं चाललं. मग जुनी पानं कुजायला लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा थर चढला. वॉरिंग्टन यांनी तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, पाणी निवळलं. १८५० मध्ये त्यांनी केमिकल सोसायटीपुढे निष्कर्ष मांडला, तो थोडक्यात असा : मासा श्वास सोडतो तो झाड घेतं, झाड प्राणवायू देतं तो मासा घेतो, आणि मेलेलं ते गोगलगाय खाते. हिशेब पुरा. पाणी बदलायची गरज नाही.

यातून ‘समतोल टाकी’ ही कल्पना जन्मली. ती इतकी आवडली की पुढची शंभर वर्षं शौकिनांच्या पुस्तकांत तिच्यावर कुणी फारशी शंका घेतली नाही. काळ बघा. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये काचेवरचा कर रद्द झालेला, काच स्वस्त झालेली. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. आणि त्याआधीच डॉ. नॅथॅनिएल वॉर्ड यांच्या बंद काचपेट्या जहाजांवर चढलेल्या. त्या पेटीत रोप महिनोन्‌महिने समुद्रावर जिवंत राही. साम्राज्यभर झाडं इकडची तिकडे गेली ती त्या पेट्यांतून. माशांची टाकी ही वॉर्डच्या पेटीची सख्खी बहीण आहे. दोघींचं म्हणणं एकच : जग पेटीत बंद करता येतं आणि हवं तिथं नेता येतं.

भारतात काय चाललं होतं? आपल्याकडे पाणवनस्पतींची नोंद व्हायला लागली होती, पण ती हौसेसाठी नव्हे. डाल्झेल आणि गिब्सन यांचं ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ चं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला. १९३७ मध्ये बिस्वास आणि काल्डर यांनी भारत आणि ब्रह्मदेशातल्या पाणवनस्पतींचं हस्तपुस्तक काढलं. ते कुणी छापलं असेल? सरकारच्या आरोग्यविषयक पुस्तिकांच्या मालेत ते निघालं, मलेरियाच्या कामासाठी. कारण डास जिथं अंडी घालतो तिथली झाडं ओळखता आली पाहिजेत. म्हणजे लंडनच्या दिवाणखान्यात जी वनस्पती शोभेची, ती आपल्या सरकारी दफ्तरात रोगाची खूण. गप्पी मासाही १९०८ मध्ये भारतात आला तो डासांसाठी, शोभेसाठी नव्हे.

शोभेची बाजू मुंबईकरांच्या डोळ्यांपुढे ठळकपणे आली ती मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय झालं तेव्हा. १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ज्यांच्या देणगीतून ते उभं राहिलं त्या पारशी दात्याचं नाव त्याला मिळालं. कर्जतहून लोकल पकडून मुंबई बघायला गेलेल्या माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांनी काचेमागचा मासा पहिल्यांदा पाहिला तो तिथं. मग क्रॉफर्ड मार्केटातून पिशवीत पाणी भरून मासे घरी यायला लागले, आणि त्यांच्यासोबत रबरी पट्ट्यानं बांधलेली हिरवी जुडी. या जुडीला दुकानदार काहीतरी इंग्रजी नाव सांगायचा, आणि आपण ती परदेशी समजून वाळूत खोचायचो.

आता इथं जरा थांबा. ती जुडी परदेशी होती का?

आजही शोभेच्या पाणवनस्पतींच्या यादीत कुठली नावं दिसतात? रोटाला, लिम्नोफिला, हायग्रोफिला, अमानिया, लुडविजिया, बाकोपा, सेराटॉप्टेरिस. ही यादी घेऊन तुम्ही श्रावण-भाद्रपदात इथल्या कुठल्याही भातखाचराच्या बांधावर बसा. यातल्या बहुतेक प्रजातींची कुणी ना कुणी भावंडं पाण्यात पाय बुडवून उभी असतात. बाकोपा म्हणजे आपली नीरब्राह्मी. हायग्रोफिलाचा काटेरी भाऊ म्हणजे कोळसुंदा, तालिमखाना. बाकीच्यांना शेतकऱ्याच्या भाषेत एकच नाव आहे : तण. बेणणी करताना ती उपटायची आणि बांधावर फेकायची. कर्जतला भात संशोधन केंद्र १९१९ पासून आहे. कर्जत नावाच्या भातजाती त्यांनीच दिल्या. त्या केंद्राच्या दृष्टीनंही हे तणच, आणि ते बरोबर आहे, कारण भाताचं खत ते खातं. पण ‘तण’ हा वनस्पतिशास्त्रातला शब्द नाही. तो हेतूचा शब्द आहे. हेतू बदलला की तेच झाड जुडीला पैसे मोजून घेण्याची वस्तू होतं.

या खाचराकडे नीट बघा, कारण टाकीत झाड का मरतं याचं उत्तर तिथं आहे. मृगाचे पाऊस लागले की ओढ्यांना पाणी चढतं आणि मासे प्रवाहाविरुद्ध वर चढतात, खाचरांत शिरतात. त्याला आपण वलगण म्हणतो. तिथं अंडी घालतात. चार महिने वीतभर पाण्यात मासे, बेडकाची पिल्लं, गोगलगायी आणि ही झाडं एकत्र असतात. दिवाळीच्या सुमारास पाणी आटतं. झाडं फुलतात, बी टाकतात, काही नुसती मुळांनी किंवा कंदानं जमिनीत राहतात. म्हणजे या झाडांना दोन जन्म आहेत : एक पाण्याखालचा, एक हवेतला. पाण्याखालचं पान पातळ, मऊ, कधी केसासारखं चिरलेलं. हवेतलं पान जाड आणि अखंड. लिम्नोफिलाच्या एकाच काडीवर खाली एक प्रकारचं आणि वर दुसऱ्या प्रकारचं पान दिसतं.

रोपवाटिकेत ही झाडं बहुधा हवेत, ओल्या खतमातीत वाढवतात. तिथं ती लवकर वाढतात. आपण ती आणून एकदम पाण्यात बुडवतो. दोन-तीन आठवड्यांत जुनी पानं पिवळी पडून सडतात. माणूस घाबरतो, उपटून फेकतो. झाड मेलेलं नसतं. ते हवेतला जन्म टाकून पाण्यातला घेत असतं. शेंड्याला नवं, वेगळ्या घडणीचं पान दिसलं की समजा लागलं. सडकी पानं तेवढी काढायची आणि वाट बघायची. क्रिप्टोकोरिन तर जागा बदलली तरी एका रात्रीत विरघळल्यासारखं होतं, आणि मुळं हलवली नाहीत तर पुन्हा फुटतं. याच क्रिप्टोकोरिनची एक जाती, कॉग्नाटा, आपल्या कोकणातली. शॉट यांनी १८५७ मध्ये तिचं वर्णन केलं. सातारच्या सड्यांवरचा वायतुरा तसाच. त्याला शास्त्रीय नाव मिळालं १९८२ मध्ये, अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस. पावसाळ्यात दोन तुऱ्यांचं फूल काढतो आणि पुढे कंद होऊन झोपतो. त्याचे भाऊबंद टाकीत लावणाऱ्याला अनुभव येतो की झाड छान वाढता वाढता एकदम पानं टाकतं. ते विश्रांती मागत असतं. सह्याद्रीचा उन्हाळा त्याच्या अंगात आहे, तुमच्या टाकीत तो नाही.

लावायचं कसं, हेही खाचरानं सांगितलेलं आहे. आपली भातलावणी आठवा. आधी चिखलणी, मग आवणातून काढलेली रोपं, दोन-चार काड्या एकत्र, बोटांनी खोल न दाबता उभी. टाकीत हेच. काडीच्या झाडाची खालची पानं काढून दोन-तीन पेरं वाळूत घालायची, काड्यांत बोटभर अंतर ठेवायचं, म्हणजे खालपर्यंत उजेड जातो. व्हॅलिस्नेरियासारख्याची मुळं गाडायची, पण जिथून पानं निघतात तो गड्डा वर ठेवायचा, नाहीतर तो कुजतो. आणि अनुबियाससारखं आडव्या खोडाचं आफ्रिकी झाड असेल तर खोड गाडायचंच नाही, दगडाला किंवा लाकडाला दोऱ्यानं बांधायचं.

तळाचं काय? बरीच वर्षं शिकवलं गेलं की धुतलेली खडी घाला, माती नको, पाणी गढूळ होतं. डायना वॉल्स्टॅड या अमेरिकी बाईंनी १९९९ मधल्या पुस्तकात उलट सांगितलं : खाली इंचभर साधी माती, वर इंचभर वाळू किंवा बारीक खडी, भरपूर झाडं, थोडे मासे. जगभर त्याचं कौतुक झालं. आपल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. चिखलात प्राणवायू नसतो. पाणवनस्पतीच्या देठात हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून ती मुळापर्यंत प्राणवायू नेते. भातही तेच करतं. फक्त मातीचा थर जाड केलात आणि झाडं विरळ लावलीत तर खाली कुजतं, सडक्या अंड्याचा वास येतो. मग झाडंही जातात आणि मासेही.

आता पुन्हा त्या समतोलाकडे. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातले जेम्स अ‍ॅट्झ यांनी ‘समतोल टाकी’ ही दंतकथा आहे असं स्पष्ट लिहिलं. टाकीतला वायूंचा व्यवहार मुख्यतः पाण्याच्या वरच्या पृष्ठभागातून, बाहेरच्या हवेशी होतो. रात्री झाडंही प्राणवायू घेतात. माशांना तुम्ही दाणे टाकता ते बाहेरून येतात. उजेड बाहेरून. आटलेलं पाणी तुम्ही बाहेरून भरता. वॉरिंग्टन यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. झाडं माशांच्या मलमूत्रातला अमोनिया शोषतात, पाणी निकोप ठेवतात, हे खरंच. चुकलं ते अनुमान. काचेला चार बाजू आहेत म्हणून जग बंद आहे, असं त्यांना आणि त्यांच्या पिढीला वाटलं. पाचवी बाजू उघडी होती, तिकडे लक्ष गेलं नाही.

आणि आता कर्जत-खालापूर. आपण ज्याला ‘आपली नदी’ म्हणतो ती तरी बंद आहे का? १९१५ मध्ये खोपोलीला टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूला अडवलेलं पाणी नळांतून घाट उतरून खाली आलं. १९२२ मध्ये भिवपुरीचं केंद्र झालं, आंध्रा नदीच्या ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर. हे पाणी मूळचं पूर्वेकडे वाहणारं, भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जाणारं. ते आता पाताळगंगेतून आणि पेज-उल्हासमधून अरबी समुद्राला जातं. जिथं एप्रिलमध्ये नदीच्या कातळात डबकी राहायची तिथं बारमाही पाणी आलं. राजनाल्याच्या कालव्यावर कर्जतमध्ये उन्हाळी भात उभं राहिलं. शंभर वर्षं आपण एका फार मोठ्या टाकीत राहतो आहोत, जिचा नळ घाटावर आहे आणि जिचं सांडपाणी कल्याणच्या खाडीकडे जातं. आणि खालापुरातल्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईच्या नळाला येतं. तिथल्या एखाद्या मुलानं खिडकीत टाकी ठेवली असेल, तर तिच्यातलं पाणी खालापूरचं असतं. क्लोरिन उडून जायला दिवसभर उघडं ठेवून मग तो त्यात झाडं लावतो.

म्हणून या विषयात जे पणाला लागलं आहे ते टाकीतल्या माशाच्या जिवापुरतं नाही. टाकी बंद नाही हे एकदा मान्य केलं, की तिच्यातून काय बाहेर जातं हा प्रश्न येतो. उदाहरणं आपल्याच झाडांची देतो. हायड्रिला ही आपल्या तळ्यांत सर्वत्र असणारी वनस्पती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला श्रीलंकेहून टाकीत लावण्यासाठी ती अमेरिकेत गेली, फ्लॉरिडात कालव्यात पडली, आणि तिथली तळी आणि कालवे तिनं भरून टाकले. भारतातली हायग्रोफिला पॉलिस्पर्मा तशीच गेली आणि आज तिथल्या सरकारच्या उपद्रवी तणांच्या यादीत आहे. आपण तण म्हणून फेकतो ते त्यांनी शोभा म्हणून नेलं, आणि आता तेही तण म्हणतात. उलट बाजूनं अमेरिका खंडातला कॅबोम्बा आपल्याकडे टाकीसाठी आला. २०२० मध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या आवळा पांडी इथं ओढा गुलाबी फुलांनी भरला आणि लोक फोटो काढायला झुंडीनं गेले. ते फूल कॅबोम्बाचं होतं. त्याखाली आधीचं काय काय गुदमरलं, याचा फोटो निघत नाही. आणि जलपर्णी, म्हणजे दक्षिण अमेरिकेतून बागेच्या शोभेसाठी फिरलेली वनस्पती. बंगालमध्ये तिच्यासाठी १९३६ मध्ये कायदा करावा लागला. उल्हास नदीवर बदलापूर-कल्याणच्या बाजूला ती आपण दर उन्हाळ्यात बघतो.

आपल्या दोन तालुक्यांत आता दुसरी गोष्ट घडते आहे. भातखाचरं भरली जात आहेत. भराव पडतो, प्लॉट पडतात, फार्महाउस उभं राहतं. फार्महाउसच्या आवारात शोभेचं तळं करतात. त्यात नर्सरीतून आणलेली परदेशी झाडं आणि मासे सोडतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात ते तळं भरून ओढ्यात वाहतं. म्हणजे ज्या भरावाखाली रोटाला आणि लिम्नोफिला गाडली गेली, त्याच जागेवर त्यांचे दूरचे नातेवाईक विकत आणून लावले जातात. हे बेकायदा नसेल, पण हास्यास्पद नक्की आहे. आणि एकदा खाचर गेलं की वलगणीचा मासा अंडी घालायला जाणार कुठं? हा प्रश्न आपल्याकडच्या कातकरी आणि ठाकर बांधवांना तुमच्या-माझ्याआधी पडलेला आहे, कारण पावसाळ्यातलं त्यांचं कालवण त्या पाण्यातून येतं.

मी हौस सोडा असं म्हणत नाही. टाकीत झाड लावणारं मूल जितकं लक्ष देऊन पान बघतं, तितकं वर्गात कुणी बघत नाही. माझं म्हणणं तीन गोष्टींचं आहे. छाटलेल्या फांद्या, नको झालेली झाडं आणि मासे नदीत, ओढ्यात, विहिरीत टाकायचे नाहीत. झाडं उन्हात पूर्ण वाळवून मग खतात घालायची, मासे दुसऱ्या शौकिनाला द्यायचे. टाकीचं काढलेलं पाणी कुंड्यांना घालायचं. त्यात माशांचं खत असतंच. दुसरी गोष्ट, दुर्मीळ झाड सड्यावरून किंवा ओढ्यातून उपटून आणायचं नाही. वायतुरा तुमच्या टाकीत एक पावसाळा दिसेल, सड्यावर तो हजारो पावसाळे दिसत आला आहे. आणि तिसरी, बेणणीच्या वेळी शेतकऱ्याला विचारून बांधावर फेकलेली मूठभर झाडं घरी न्या. फेकलेलीच आहेत, कुणाचं काही जात नाही. गोगलगायी आणि किडे निघून जातील अशी धुऊन लावा. जगली तर त्यांची नावं शोधा. आपल्या खाचरात काय होतं, याची एखादी वही प्रत्येक शाळेत असायला हरकत नाही. पुढे खाचर नसलं, तरी निदान काय हरवलं ते माहीत असेल.

वॉरिंग्टन यांच्या भांड्यानं आपल्याला शिकवलं की झाड आणि प्राणी एकमेकांच्या श्वासावर जगतात. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की हा श्वास कुठल्याही भांड्यात मावत नाही.